परदेशात चालेल असा फोन

आमच्या ह्यांनी माझ्यासाठी मोबाइल फोन निवडायला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा वेळ घेतला. मला पसंत करताना एवढा वेळ लागला नव्हता. कपातला चहा संपायच्या आत त्यांनी आपल्या वडिलांकडे बघून मान डोलावली होती. हे मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तेव्हा पर्याय कमी होते."

आमची एकुलती एक लेक आणि जावई संगणकाच्या नोकरीपायी अमेरिकेत होते. त्या वर्षांत कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक जिन्यावर असं एक तरी घर होतं. मुलं बाहेर, आणि आईवडील खाली बाकावर बसून व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात ते एकमेकांना सांगत. लेकीला दिवस गेले, फेब्रुवारीत बाळ येणार असं कळलं. बाळंतपणाला दोघांनीही या, असं ती म्हणत होती. पण सासूबाई आमच्याकडे होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. त्यांना टाकून दोघांनी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मी एकटीनं जायचं ठरलं. तोवर मी एकटी फार तर नाशिकला गेले होते, तेही भाऊ स्टँडवर घ्यायला येणार असेल तर.

हे खडकीच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला माल मापायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मी शाळेत मराठी शिकवायची. दोघंही तेव्हा निवृत्त होतो. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये काढली आणि मग कोथरूडला फ्लॅट घेतला. संसार नीट झाला. भांडणं म्हणावीत अशी झाली नाहीत. पण बोलणंही फारसं झालं नाही. "गॅस संपत आलाय." "आईंची गोळी दिलीस का?" "उद्या पाणी नाहीये." असंच सगळं. ते रागीट नव्हते, घुमेही नव्हते. विचारलं तर उत्तर द्यायचे, पण तेवढंच. आणि मी दिवसभर शाळेत बोलून आलेली असायची. घरी आल्यावर कोणी काही विचारलं नाही तर बरंच वाटायचं. दोघांचं असं जमून गेलं होतं, आणि जमून गेलंय ह्याचं काही वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटायला काहीतरी वेगळं अनुभवावं लागतं. ते तोवर अनुभवलं नव्हतं.

तर फोन. लेकीच्या घरी फोन होताच. मला वेगळा कशाला, असं मी म्हटलं.

"विमान जर्मनीत बदलायचंय," हे म्हणाले. "तिथे चुकलीस तर? तिकडे फिरायला म्हणून बाहेर पडलीस आणि घर सापडलं नाही तर? सगळी घरं सारखी असतात तिकडे."

लेकीनं फोनवर सांगितलं, की बाबा, आईला मी इथेच फोन घेऊन देते, कंपनीशी करार केला की जवळजवळ फुकटच मिळतो. ह्यांनी जावयाला ईमेल पाठवून चौकशी केली. ईमेलसाठी ते कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जात आणि उत्तर छापून आणत. उत्तर वाचल्यावर त्यांचा चेहरा नापास केलेल्या मालाकडे बघावं तसा झाला.

"तिकडचे फोन कुलूपबंद असतात," ते मला म्हणाले. मी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते. "ज्या कंपनीचा फोन, तिचंच कार्ड त्यात चालतं. दुसरं घातलं की चालत नाही. इकडे आणला तर पेपरवेट. म्हणजे वस्तू आपली आणि किल्ली त्यांच्याकडे. असलं काही आपण घ्यायचं नाही."

"मग इथूनच घ्या एखादा."

"इथले सगळे तिकडे चालत नाहीत." ते समोर बसले आणि त्यांनी मटाराच्या शेंगा माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. "आपल्याकडे फोन दोन बँडवर चालतो. हा एक, हा दुसरा. जर्मनीत हेच दोन आहेत, तिथे प्रश्न नाही. अमेरिकेत हे दोन्ही नाहीत, तिसरा आहे. तेव्हा आपल्याला तीन बँडचा आणि कुलूप नसलेला फोन पाहिजे. कळलं?"

मला कळलं ते एवढंच, की हे माझ्याशी सलग इतकी वाक्यं बोलले. मी शेंगा उचलून सोलल्या.

पुढचे दोन-तीन महिने ते दुकानं पालथी घालत होते. कोथरूडची झाली, मग डेक्कनची, मग तापकीर गल्ली. कधी कधी मलाही नेत. दुकानदार रंगीत पडदा दाखवायचे, कॅमेरा दाखवायचे, गाणी वाजवून दाखवायचे. हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "बँड किती?" बऱ्याच जणांना तो प्रश्नच समजायचा नाही. एक जण म्हणाला, "काका, ह्याचा कॅमेरा बघा तरी." हे म्हणाले, "मी तिला फोटो काढायला पाठवत नाहीये."

तापकीर गल्लीत वरच्या मजल्यावरच्या एका दुकानदारानं अमेरिकेतून आलेला फोन दाखवला. कुलूप आम्ही काढून दिलंय, आता कुठलंही कार्ड चालेल, असं तो म्हणत होता. फोन देखणा होता आणि मला आवडलाही. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"कुलूप तोडलेलं आणि कुलूप नसलेलं ह्यात फरक आहे," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

शेवटी कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात हवा तसा फोन मिळाला. तीन बँडचा, मूळचाच खुला. तरी ह्यांनी विश्वास ठेवला नाही. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं मागून आणली होती. स्वतःच्या फोनमधलंही काढलं. दुकानात उभं राहून एकेक कार्ड घालून फोन लावून बघितला. दुकानाचे मालक पन्नाशीचे, आपल्या जागेवरून हलत नव्हते. म्हणाले, "काका, फोन घ्यायचाय की त्याची मुंज लावायचीय?"

"तुमचा फोन परदेशात बंद पडला तर तुम्ही येणार आहात का घ्यायला?"

"मला व्हिसा कोण देतोय," मालक म्हणाले. मग दोघंही थोडं हसले.

त्याच किमतीत दुसरा एक फोन होता. अधिक पातळ, अधिक चकचकीत. हे म्हणाले, "दोन्ही हातात धरून बघ. नंबर दाब." मी दाबले. पातळ फोनची बटणं बारीक होती, नखानं दाबावी लागत होती. मी काही बोलले नाही. ह्यांनी तो फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि मालकांना म्हणाले, "हा नको. तिचा अंगठा दुखतो."

माझा अंगठा दुखायचा हे खरं. खडू धरून धरून सांधा धरला होता. पण हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. मी दुकानात काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर विचारू म्हटलं, तर रस्त्यावर इतकी वाहनं होती की ओलांडण्यातच लक्ष गेलं. घरी आल्यावर सासूबाईंची पेज करायची होती. ते विचारायचं राहूनच गेलं.

मग शिकवणी सुरू झाली. टेबलावर स्टीलची ताटली ठेवायची, तिच्यातच फोन उघडायचा, म्हणजे नखाएवढं कार्ड खाली पडून हरवणार नाही. मागचं झाकण काढ, बॅटरी काढ, कार्ड सरकव, परत लाव. मी चुकले की ते पुन्हा करायला लावत, पण आवाज चढवत नसत. मी शाळेत इतकी शांत नव्हते. एकदा ते म्हणाले, "आता मी खाली जातो आणि तिथून फोन करतो. तू उचल." ते जिना उतरून गेटपाशी गेले. फोन वाजला.

"हॅलो, कोण?"

"मीच."

"बोला."

"काय बोलू? ऐकू येतंय का ते सांग."

"येतंय."

"मग ठेव."

मी खिडकीतून बघितलं. फोन कानाला तसाच लावून ते गेटपाशी उभे होते, मान किंचित खाली घालून. नंतर वर आले आणि "पास" म्हणाले.

मी गेले. जर्मनीच्या विमानतळावर बसले आणि फोन चालू केला, तर पडद्यावर तिथल्या कंपनीचं नाव आलं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईला मी ते दाखवलं. घरी फोन लावला.

"अहो, लागला!"

"रेंजच्या काड्या किती दिसतायत?" ह्यांनी विचारलं.

"चार."

"छान. आता ठेव. पुढच्या विमानाचं गेट बघ."

लेकीकडे पोचल्यावर जावयानं तिथलं कार्ड आणून दिलं. मी ताटली मागितली आणि त्याच्यासमोर स्वतः कार्ड बदललं. तो बघतच राहिला. भारतात बोलायला तिकडे तेव्हा कॉलिंग कार्डं मिळायची. एक नंबर फिरवायचा, मग कार्डावरचे आकडे दाबायचे, मग घरचा नंबर. ठळक बटणांवर माझा अंगठा नीट चालायचा.

नात झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं. सुरुवातीचे दिवस तेल, शेक, डिंकाचे लाडू आणि दुपट्यांत गेले. मग थंडी थोडी कमी झाली तशी मी रोज सकाळी बाळाला गाडीत घालून सोसायटीच्या तळ्याभोवती न्यायला लागले. तिकडे सकाळ असली की पुण्यात संध्याकाळ असते. सासूबाईंचं खाणं उरकून हे गॅलरीत बसलेले असायचे. तळ्याकाठच्या बाकावरून मी त्यांना फोन करायची.

पहिले काही दिवस तेच. काड्या किती, थंडी किती, बाळाला सर्दी नाही ना. एकदा मी विचारलं, "आज काय केलंत जेवायला?" तर म्हणाले, "भोपळा." आणि ठेवतील असं वाटलं, तर पुढे बोलायला लागले. भोपळा कसा चिरता येईना, विळी घेतली, मग सुरी, मग शेवटी गॅलरीतल्या कट्ट्यावर आपटून फोडला आणि त्याचा अर्धा भाग खालच्या मजल्यावर पडला. खालच्या वहिनींनी तो वर आणून दिला आणि विचारलं, "काही हवंय का भावजी?" मी बाकावर एकटी इतकी हसले की कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थांबून बघायला लागला.

त्या दिवसापासून ते बोलायला लागले. रोज. मी फक्त हुंकार द्यायची. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले तेव्हा चुलत्यानं कसं ढकलून दिलं होतं. कारखान्यात पहिल्या दिवशी साहेबानं एक चांगला आणि एक खराब नग हातात देऊन विचारलं होतं, ओळख, आणि ह्यांनी चुकीचा ओळखला होता. लेक झाली तेव्हा दवाखान्याबाहेर पानाच्या टपरीवर उभे असताना त्यांना कशाची भीती वाटली होती. ह्यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून हा माणूस मला ठाऊक नव्हता.

एकदा म्हणाले, "तू शाळेत होतीस ना, तेव्हा दुपारपाळी असली की मी जरा लवकर निघायचो. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी सायकल लावून उभा राहायचो."

"कशाला?"

"तुझा वर्ग त्या बाजूला होता. खिडकीतून आवाज यायचा. तू कविता शिकवायचीस. मग कामावर जायचो."

मी बाळाच्या गाडीचं छत खालीवर करत राहिले.

"कधी सांगितलं नाहीत ते?"

"घरी तू तशी बोलायची नाहीस," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस नाही म्हणावं तसं ते म्हणाले.

मी विचारलं, "मग आता कसं सांगताय?"

"समोर कोणी नसलं की जमतं."

सासूबाईंच्या कानालाही ते फोन लावून द्यायचे. त्या एकदा म्हणाल्या, "सूनबाई, हा हल्ली फार बोलतो. मला हसवतो. डॉक्टरांना विचारायचं का?"

मी उन्हाळ्यात परत आले. सासूबाईंना सोडून ह्यांना मुंबईला येता आलं नाही. शेजारच्यांचा मुलगा विमानतळावर आला होता. गाडीत सगळ्या रस्त्यानं मी मनात ठरवत होते, की आज चहा झाला की गॅलरीत बसायचं. अंगठ्याचं विचारायचं. त्या चुलत्याचं पुढे काय झालं ते विचारायचं. दार ह्यांनीच उघडलं. थकलेले दिसत होते. बॅग आत घेतली.

"आलीस? पाणी तापवून ठेवलंय."

संध्याकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अहो, ते विहिरीचं सांगत होतात ना तुम्ही..."

"हं."

"मग चुलत्यांनी पुढे काय केलं?"

"काही नाही. बाहेर काढलं." आणि पान उलटलं.

मी दोन-तीन दिवस प्रयत्न केला. ते टाळत होते असं नाही. माझ्याकडे बघायचे, काहीतरी सांगायचंय असं तोंड करायचे, आणि मग "आईंना उशी लावून येतो" म्हणून उठायचे. मलाही सुचेनासं व्हायचं. तळ्याकाठी त्यांना सहज विचारलं जायचं ते इथे त्यांच्या डोळ्यांसमोर विचारताना अवघडल्यासारखं होई. महिन्याभरात पुन्हा गॅस, गोळ्या आणि पाणी.

एकदा मी धाकट्या बहिणीकडे, पुण्यातच धायरीला राहायला गेले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्याच संध्याकाळी ह्यांचा फोन आला.

"थंडी आहे का तिकडे?"

"अहो, धायरी आहे ही. अमेरिका नाही."

दोघंही हसलो. आणि मग ते बोलत राहिले. बहीण पलंगावरून हातानं विचारत होती, कोण? मी म्हटलं, हेच. तिला ते खरं वाटेना. आठवडाभर रोज संध्याकाळी फोन आला. बहिणीचा गुडघा बरा झाला आणि मी घरी परतले. त्यांच्याशी बोलायचं तर मला लांब असायला हवं होतं, आणि लांब राहायला मला काही कारण नव्हतं.

पुढे सासूबाई गेल्या. लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा आता दोघांनी यायचंच, असं तिनं बजावलं. हे म्हणाले, "तू जा. मी इथे बरा आहे." मी ऐकलं नाही. एवढी वर्षं आईंपायी घरात अडकलेला माणूस, त्यानं जग बघावं असं मला वाटलं. ते आले. धबधबा बघितला, संग्रहालयं बघितली, नातवंडांना मांडीवर घेतलं. रोज सकाळी आम्ही दोघं तळ्याभोवती चालायचो, गाडी ते ढकलायचे. फार छान हवा असायची. एकही शब्द बोललो नाही असं नाही, "बदकं किती आहेत," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं. त्याच बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आणि मला मनातून वाटायचं, हे पुण्यात असते तर बरं झालं असतं. शेजारी बसलेल्या नवऱ्याबद्दल असं वाटावं ह्याची लाजही वाटायची.

काही वर्षांनी त्यांचं हृदय अशक्त झालं. पायावर सूज यायची, धाप लागायची. कोथरूडमधल्याच एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. घरापासून रिक्षानं अगदी जवळ. तिथलं जेवण त्यांना गिळवत नसे, म्हणून बिनमिठाचा डबा मी घरून न्यायची. सकाळी त्यांच्यापाशी असायची, दुपारी घरी येऊन संध्याकाळचं करायची. ह्यांच्या उशाशी फोन असायचाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"काय होतंय?"

"काही नाही. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ आलेत. सारखं बायकोला म्हणतात, माझी वहाण चोरीला गेली. वहाण पायातच असते."

मी खुर्ची ओढून बसले. पुन्हा तेच हे, तळ्याकाठी ऐकलेले. धाप लागायची म्हणून वाक्यं तुटक यायची, मध्ये थांबावं लागायचं, पण थांबून पुन्हा सुरू करायचे. मी उठून पळत जायला हवं होतं, कारण माणूस दवाखान्यात आहे. पण डबा मांडीवर घेऊन मी ऐकत बसले. भाजी गार झाली. मी पोचले तेव्हा ते म्हणाले, "उशीर झाला?" मी म्हटलं, "रिक्षा मिळाली नाही." डबा उघडून त्यांना भरवला. दोघांपैकी कोणीही दुपारचं काही काढलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी फोन यायचा, आणि रोज मी गार डबा न्यायची. मला कळत नव्हतं की माझी जागा कुठे आहे. त्यांच्या खाटेशी, की घरच्या खुर्चीत. खाटेशी असले की त्यांचा हात धरता यायचा. खुर्चीत असले की ते माझ्याशी बोलायचे.

एका दुपारी त्यांचा आवाज फार ओढलेला वाटला. म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. आपण खडकीला क्वार्टर्समध्ये राहायला गेलो ना, पहिल्याच वर्षी, तू माहेरी गेली होतीस..."

मधे खोकला आला. बराच वेळ थांबेना.

"अहो, बोलू नका आता. मी निघतेच आहे. आल्यावर सांगा."

"आल्यावर नाही जमत गं," ते म्हणाले.

"जमेल. मी बसते शांत. पडून राहा तुम्ही."

मी फोन ठेवला, चपला घातल्या, डबा घेतला. रिक्षाही लगेच मिळाली. डबा गरम होता. मी गेले तर ते उशीला टेकून बसले होते, खोकला थांबला होता, रंगही बरा होता. मी भरवलं. त्यांनी नेहमीपेक्षा दोन घास जास्त घेतले.

"काय सांगत होतात खडकीचं?" मी विचारलं. त्यांच्याकडे न बघता विचारलं, खिडकीबाहेर बघत, त्यांना सोपं जावं म्हणून.

"काही नाही." मग म्हणाले, "आमटी छान झालीय."

"मीठ नाहीये त्यात."

"तरी छान झालीय."

मी खूप वेळ तशीच खिडकीकडे तोंड करून बसले. एकदा त्यांनी श्वास घेतला तेव्हा वाटलं, आता सांगतील. त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पोचायच्या आधी, ते गेले.

लेक आली, दिवस झाले, ती परत गेली. जाताना म्हणाली, आई, चल माझ्याकडे. मी नको म्हटलं. तिकडे त्या तळ्याकाठी जायची मला हिंमत नव्हती. ती रोज फोन करते, आता चेहराही दिसतो. नात तिच्या मराठीत विचारते, "आजोबा कसे बोलायचे?" मी म्हणते, "कमी." ती हसते.

खडकीचं ते मात्र मनातून जाईना. पहिल्या वर्षी मी माहेरी गेले होते हे खरं, चांगले दीड-दोन महिने राहिले होते. मागे काय झालं असेल? आजारी पडले होते? कोणाशी भांडण झालं? काही आनंदाचं होतं? बदली घेणार होते? मी नसताना रडले होते का? दरवेळी काहीतरी नवीन सुचतं.

गेल्या वर्षी मी शेवटी खडकीला गेले. तेव्हाच्या आमच्या शेजारीणबाई आता मुलाकडे राहतात, क्वार्टर्सपासून जवळच. त्या माझ्याहून मोठ्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. आम्ही कितीतरी वेळ त्या दिवसांबद्दल बोललो. सामाईक नळाबद्दल, कारखान्याच्या भोंग्याबद्दल, त्यांनी मला पुरणपोळी शिकवली त्याबद्दल. मग मी विचारलं, "वहिनी, पहिल्या वर्षी मी माहेरी गेले होते, तेव्हा आमच्या ह्यांचं काही झालं होतं का?"

त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा कधी कोणाच्या अध्यात-मध्यात नसायचा. कामावरून आला की ओट्यावर बसायचा. इतकंच आठवतं. का गं?"

"सहज," मी म्हटलं.

"घाई नाही ना तुला? बस. चहा टाकते."

मला घाई नव्हती. मी बसले, आणि त्या आतून काहीबाही बोलत राहिल्या ते ऐकत राहिले.